पस्तीसचं तोंड, अठराचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला तेव्हा गंगारामने शिवीसुद्धा घातली नाही. सकाळी पहिल्यांदा बंद पडला तेव्हा घातली होती, ट्रॅक्टरला. मग मशीनला, मग स्वतःला. आता दुपार कलली होती आणि शिव्या संपल्या होत्या. तो सीटवर तसाच बसून राहिला. मागे चिपरच्या तोंडात आंब्याची मांडीएवढी फांदी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकली होती. ती काढायची म्हणजे खाली उतरायचं, वाकायचं आणि ओढायचं. त्याच्या कमरेला हे आधीच कळलं होतं आणि ती आधीच दुखायला लागली होती. इंजिन गप्प झाल्यामुळे घरातला त्याच्या बायकोचा, आनंदीबाईचा खोकला आता स्पष्ट ऐकू येत होता.

चिपर म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन. ते ट्रॅक्टरला मागे जोडायचं. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा असतो, त्याला सगळे पीटीओ म्हणतात, त्याच्यावर ते फिरतं. त्याला स्वतःचं इंजिन नाही; जे काय बळ असेल ते ट्रॅक्टरचं. गंगारामचा ट्रॅक्टर अठरा हॉर्सपॉवरचा. कलमांखालून वाकून जाणारा, भाताच्या लहानशा कुणग्यातही वळणारा, गुणी, पण अठराचाच. आणि मागे जोडलेल्या चिपरला लागत होते पस्तीस.

हे गंगारामला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनच त्याने तो घेतला होता, आणि तोही देवाला विचारून.

सुरुवात धुरापासून झाली. गंगारामची हापूसची बाग मालवणपासून आत, डोंगराच्या उतारावर. पाऊस गेला की कलमांची छाटणी, मग फांद्यांचे आणि पाल्याचे ढीग, मग काडी. त्याच्या बापाने तेच केलं, त्याने तेच केलं, वाडीतले सगळे तेच करतात. थंडीतल्या सकाळी हा धूर वर जायचं नाव घेत नाही. कलमांच्या बुंध्यांशी लोळतो, बागेचा दगडी गडगा ओलांडून घरात येतो आणि पाहुण्यासारखा बसून राहतो. आनंदीबाईचं लग्न झाल्यापासूनचं आयुष्य या धुरात गेलं. आधी ती नुसती खोकायची. मग विहिरीवरून येताना मध्येच थांबायला लागली. मागच्या थंडीत एका सकाळी तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. गंगारामने तिला रिक्षात घालून मालवणला नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावलेली ती त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्या पायांकडे बघत होता, कारण तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, औषधं देतो, श्वासाचा पंप देतो, पण घराभोवती पुन्हा असा धूर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. आपल्या बागेत यापुढे काडी लागणार नाही, हे गंगारामने त्या खाटेशी उभं राहूनच ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. छाटणी काही थांबणार नव्हती आणि ढीग काही हवेत विरणार नव्हते. म्हणून तो कुडाळला अवजारांच्या दुकानात गेला. तिथे साजिद नावाचा मेकॅनिक आहे, शांत माणूस, गिऱ्हाईक घाईत असलं तरी हा घाईत नसतो. त्याने दोन चिपर दाखवले. लहान होता तो मनगटाएवढी फांदी घ्यायचा, मोठा मांडीएवढी. साजिदने फांद्या किती जाड हे विचारलंच नाही. ट्रॅक्टर कोणता हे विचारलं, आणि अठरा ऐकल्यावर सरळ लहानापाशी जाऊन उभा राहिला. इंजिनाचे अठरा म्हणजे मागच्या दांड्यापर्यंत पोचतात पंधरा, हे त्याने नीट समजावून सांगितलं. पंधरात लहान झकास पळेल. मोठा चिपर तुमचा ट्रॅक्टर कदाचित उचलेल, पण फिरवणार नाही.

नेमका तेव्हाच दुकानाच्या मागे कुणाला तरी मोठा चालवून दाखवत होते. जाडजूड फांदी एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने भुगा होऊन उडाली. गंगाराम बघतच राहिला. जाड लाकूड त्याच्या पाचवीला पुजलेलं. दर वर्षी पाला आणि डहाळ्या जळून गेल्या की बाजूला काढलेलं ते मागे उरायचं. मग गुडघ्यावर बसून करवतीने त्याचे तुकडे करायचे, वाहून न्यायचे, गडग्याशी रचायचे, आणि मग मालवणच्या निजामचा टेम्पो येऊन ते पावाच्या भट्टीसाठी घेऊन जायचा. लाकूड कापून, रचून द्यायची ही रीत बापापासूनची. तरुणपणी तिचं काही वाटत नव्हतं. आता करवत नुसती हातात घेतली तरी कमरेपासून मानेपर्यंत कळ जायची. हे मशीन ते सगळं गिळून टाकणार होतं. धूरही जाईल आणि करवतही जाईल, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्या घटकेला त्याच्या डोळ्यांपुढे बायको नव्हती, आपली कंबर होती. दमलेल्या माणसाचं असं होतं, त्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

घरी येऊन त्याने मोठ्या मशीनचा विषय काढला नाही. मशीन आणायचं म्हणतो, एवढंच बायकोला सांगितलं, आणि एवढं मोठं काम म्हटल्यावर वाडीतला कुणीही करेल ते केलं. रवळनाथाला कौल लावला. देवाच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं आणि गप्प उभं राहून वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबली गुरवाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. “बा रवळनाथा म्हाराजा, हो तुझो गंगाराम आज तुझ्या पायाकडे उभो आसा. तेच्या बायलेच्या छातीक धूर सोसणा नाय. बागेत काडी लावची बंद करून मशीन आणूचा म्हणता. तुझो हुकूम आसात तर उजवो कौल दी म्हाराजा.” आनंदीबाई बाजूला हात जोडून उभी होती. पाकळी पडली ती उजवीच, आणि फार वाट न बघायला लावता. गंगाराम दुसऱ्याच दिवशी कुडाळला गेला आणि त्याने मोठा चिपर उचलला. साजिदने एकदा मान हलवली. पाती झिजायच्या आत विचार बदलला तर घेऊन या, बदलून देतो, एवढंच तो म्हणाला.

पुढचा तमाशा वाडीने फुकटात पाहिला. चिपर उचलताच ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी झाली. बागेच्या चढावर तर ती जमीन सोडायला लागली आणि गंगारामच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पुढे वजन म्हणून चिऱ्याचे दगड बांधले, तरी चढ काही जमेना. शेवटी मशीन घरापुढच्या खळ्यातच ठेवायचं आणि बागेतून फांद्या ओढून खळ्यात आणायच्या, असं ठरलं. म्हणजे कंबर वाचवायला आणलेल्या मशीनपायी कमरेला नवीनच काम लागलं. मशीनचं जड चाक फिरतं करण्यातच ट्रॅक्टरचा जीव अर्धा व्हायचा. बारीक डहाळ्या कशाबशा जायच्या. जाड फांदी तोंडाला लावली की इंजिन कण्हायचं, काळा धूर ओकायचं आणि मरायचं. कधी दांड्यातला बोल्ट तुटायचा. तो मुद्दाम नाजूक दिलेला असतो, म्हणजे मोडायचंच झालं तर बोल्ट मोडावा, इंजिन नको. गंगाराम विड्या ठेवायचा त्या खिशात आता बोल्टांची पुडी ठेवायला लागला.

आणि तो काळा धूर खळ्यातून सरळ पडवीत जायचा. आनंदीबाईने दार लावून घेतलं, खिडकी लावून घेतली, तरी तिचा खोकला दाराबाहेर येतच होता. धूर बंद करायला आणलेलं मशीन घराला धूर देत होतं, आणि हे कळायला गंगारामला कुणी सांगायची गरज नव्हती.

एकदा साजिद स्वतः येऊन बघून गेला. त्याने मशीनला हात लावला नाही, त्यात बिघाड नव्हताच. अजून पाती नवी आहेत, लहान घेऊन जा, असं तो चहा पिताना म्हणाला. गंगाराम म्हणाला, देवाचा कौल घेऊन आणलेली वस्तू परत कशी करू?  साजिदने कप खाली ठेवला आणि बाइकला किक मारली. शेजारच्या बागेचा धोंडू मात्र बोलायचा थांबत नव्हता. तो गडग्यावर हात टेकून रोज एकच सांगायचा, की वहिनीला चार दिवस लेकीकडे, अक्षयाकडे, सावंतवाडीला धाड, ढिगांना काडी लाव आणि मोकळा हो. गंगाराम आधी त्याच्यावर चिडायचा. मग चिडायचाही कंटाळा आला. मग एके दिवशी त्याला ते बरोबर वाटायला लागलं.

म्हणून शिव्या संपल्या त्या दिवशी संध्याकाळी चिपरमध्ये अडकलेली फांदी त्याने काढलीच नाही. ट्रॅक्टर तसाच सोडून, घरातली काडेपेटी उचलून तो बागेत वरच्या ढिगाकडे गेला. पाला खडखडीत वाळला होता, एका काडीचं काम. तो काडेपेटी हातात धरून उभा होता आणि आपल्याला वाईट का वाटत नाही याचंच त्याला वाईट वाटत होतं. इतका तो दमला होता.

मागून पाला वाजला. आनंदीबाई चढ चढून आली होती, जो चढ ती वर्षभरात चढली नव्हती. ती कलमाच्या बुंध्याला हात लावून उभी राहिली. तिला बोलता येईपर्यंत गंगारामला थांबावं लागलं.

“काडी लावतास?” तिने विचारलं.

“मगे काय करू गो? चार दिवस तू अक्षयाकडे जावन ऱ्हव. तवसर धूर जायत.”

“आणि फुडल्या वर्सा?”

त्याने काडेपेटी दुसऱ्या हातात घेतली. ती म्हणाली, “तां मशीन परत करा.”

“देवान उजवो दिल्यान तां तू बघलंस. देवाच्या शब्दाभायर कसो जाव?”

आनंदीबाई खाली बसली. बसल्याशिवाय एवढं बोलणं तिला झेपणारं नव्हतं. “गाऱ्हाणा घातला तेवा मी थंयच उभी होतंय,” ती म्हणाली. “काडी बंद करून मशीन आणूचा काय, ह्या बाबलीन इचारल्यान. देव व्हय म्हणालो. लहान की मोठा, ह्या कोणी इचारूकच नाय. तां तुमी कुडाळात जावन आपल्या मनान ठरवलास. तेचो भार देवाच्या डोक्यार कित्याक घालतास?”

 एवढे दिवस गंगाराम रोज सकाळी देवाचं नाव घेऊन त्या मशीनशी झुंजत होता. देवाने दिलेलं आहे, चालायलाच हवं, न चालून जाईल कुठे. आणि देवाने ते दिलेलंच नव्हतं. साजिदने सांगितलेलं त्याला आठवलं. तेही देवळात सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं होतं की मुद्दाम राहू दिलं होतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही, पण त्याचा चेहरा पडला.

“माझी कंबर ऱ्हवली नाय गो आता,” तो म्हणाला. “करवत धरूक जमणा नाय. म्हणान मोठा घेतलंय.”

“माका म्हायत आसा.”

“कसा म्हायत?”

“रातीचे कण्हतास तां कोण आयकता?” ती म्हणाली. “जाड लाकूड आपण कधी जाळलंव? तां निजाम नेता. तेका सांगा, तेचीच माणसा करवत घेवन येतली. सांगूक लाज वाटता तुमका, इतक्याच.”

त्याला खरंच लाज वाटत होती. बापाने कधी न कापलेलं लाकूड दिलं नव्हतं. तो तिच्या शेजारी पाल्यावर बसला. काळोख पडेपर्यंत दोघं तिथेच बसली, कारण तिला लगेच उतरता येत नव्हतं आणि त्याला उठावंसं वाटत नव्हतं. उतरताना त्याने तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वाडीत कुणी असा हात धरत नाही, पण बघायला कुणी नव्हतं.

साजिदने सांगितल्याप्रमाणे मशीन बदलून दिलं. निजामला फोन केला तर तो पहिल्या वाक्यालाच तयार झाला. आम्ही आमची माणसं कधीच पाठवली असती, पण तुमच्या बागेत दुसऱ्याची करवत चालायची नाही असं आम्ही धरून चाललो होतो, असं तो म्हणाला. गंगारामने फोन ठेवला आणि गुडघ्यावर बसून घालवलेल्या सगळ्या थंड्या त्याला एकदम आठवल्या.

लहान चिपर मागे लावला तेव्हा ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली नाहीत, तो डुललाही नाही. चढ चढून कलमांखाली गेला आणि मशीन तिथेच चालायला लागलं. डहाळ्या, पाला, मनगटाएवढ्या फांद्या, जे घालाल ते सगळं चिपर एका सुरात खात होता, आणि इंजिनाचा आवाज जरा उतरायचा तो लगेच सावरायचा. भुसा तिथल्या तिथे कलमांच्या आळ्यांत पसरला. काम मोठं नव्हतं असं नाही. घाम तेवढाच गळत होता, पण संध्याकाळी ढीग संपलेला दिसत होता. निजामची माणसं येऊन जाड लाकूड कापून घेऊन गेली. खोलीची खिडकी, जी थंडीत कधी उघडत नसे, ती आनंदीबाईने उघडली आणि उघडीच ठेवली. बागेतला शेवटचा ढीग संपवून गंगाराम घरी आला तेव्हा ती खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती, आणि एकदाही खोकली नाही. गंगाराम जेवला आणि झोपला. आता आपलं काम संपलं असं त्याला वाटलं होतं.

सकाळी त्याला जाग आली ती खोकल्याने. आनंदीबाई पंप तोंडाला लावून बसली होती आणि खिडकी बंद होती. तो बाहेर आला. गडग्यापलीकडून धूर येत होता, नेहमीसारखा, जमिनीलगत, सावकाश. धोंडूने आपले ढीग पेटवायला घेतले होते. त्यात धोंडूचं काही चुकलं नव्हतं. दर वर्षी तो याच सुमाराला पेटवतो. गंगाराम मात्र आपली काडी बंद केली म्हणजे धूर बंद झाला, असं धरून चालला होता. डॉक्टरांनी घराभोवती म्हटलं होतं. त्याने ऐकलं होतं ते आपल्या बागेपुरतं.

तो पायरीवर बसला. पुन्हा उठून काही करावं अशी त्याच्यात ताकद नव्हती आणि त्याला सरळसरळ रडावंसं वाटत होतं. आतून पंपाचा आवाज आला, मग पुन्हा खोकला. तो उठला आणि ट्रॅक्टरकडे गेला.

दारातून आनंदीबाईने विचारलं, “खंय जातास?”

“धोंडूकडे.”

“भांडूक नको.”

“भांडूक अंगात ताकद खंय आसा?” तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दोन गडग्यांमधली वाट अरुंद आणि चढाची. मोठं मशीन तिथून कधीच गेलं नसतं. लहान गेलं. चिपर मागे घेऊन ट्रॅक्टर येताना बघून धोंडू हातातलं कोलीत टाकून उभा राहिला. त्याला वाटलं, आता जुंपणार. गंगाराम खाली उतरला नाही. पेटलेल्या ढिगावर माती लोटून तो विझव, बाकीच्यांना हात लावू नकोस, सगळे मी करून देतो, असं त्याने सीटवरूनच सांगितलं. धोंडूला ते खरं वाटेना. मग खरं वाटलं, आणि तो जरा ओशाळला.

“माझे करशीत रे,” तो म्हणाला, “पण माझ्या वरसून हरिश्चंद्राची बाग आसा. तेच्या वरसून आणखी. सगळे काडी लावतत. तू कोणाकोणाक पुरतलंस?”

गंगारामने वर पाहिलं. बागेवर बाग, थेट डोंगराच्या वळणापर्यंत, आणि प्रत्येक बागेत कलमांखाली छाटणीचे ढीग. एक-दोन ठिकाणी धुराची रेघ नुकती उठायला लागली होती. त्याच्या कमरेत ओळखीची कळ आली. काम कमी करायला म्हणून तो कुडाळला गेला होता, आणि आता अख्ख्या डोंगराचं काम अंगावर घेत होता.

“सकाळचो वारो खंयसून येता?” त्याने विचारलं.

“वरसून. घाटाकडसून.”

“मगे वरसूनच सुरवात करूया. तुझे ढीग दुपारी. कोयतो घे आणि चल, त्येंनी काड्या लावच्या आधी पोचाक व्हया.”

धोंडूने फावड्याने ढिगावर माती ओढली, कोयता कमरेला लावला आणि वाट मोकळी करत पुढे चालायला लागला. गंगारामने एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. खिडकी बंदच होती. ती उघडेपर्यंत आपल्याला बसता येणार नाही, हे त्याला कळलं, आणि त्याने गिअर टाकला.